सतरा नंबरचा घोडा

पिंपळदरीच्या शस्त्र-दुरुस्ती प्रशिक्षण केंद्रात पिस्तुलांच्या घोड्यांना रोज सकाळी दहा वाजता भिजवलेले हरभरे घालतात. दर घोड्यामागे एक हरभरा, आणि शनिवारी वर गुळाचा खडा. पद्धत सोपी आहे. पिस्तूल हातात घ्यायचं, चाप ओढल्यावर पुढे झेपावणारा जो लोखंडी तुकडा मागच्या बाजूला असतो, त्याच्या पुढ्यात दाणा ठेवायचा आणि दुसरीकडे बघायचं. खाताना कुणी टक लावून पाहिलेलं घोड्याला आवडत नाही. परत वळून बघावं तर दाणा गेलेला असतो.

पिस्तुलं ठेवतात त्या खोलीवर ‘शस्त्रागार’ अशी पाटी आहे, पण तिला सगळे पागाच म्हणतात. ब्रशने घासून तेल लावण्याला खरारा म्हणतात. बाहेरचा माणूस आला की त्याला दोन दिवस हे सगळं चमत्कारिक वाटतं. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच विचारतो की हरभरे नीट भिजलेत का, आणि मग त्याच्या हातात वाटी दिली जाते.

पोलीस शिपाई वैजयंता डुंबरे हिने पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारला. त्यामुळे केंद्राचे निदेशक रशीद मुल्लाणी सर तिच्यावर खूश झाले. सर अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि खूश झाले की चष्मा काढून पुसत. त्यांनी चष्मा पुसला आणि तिला पुढच्या बाकावर बसायला सांगितलं. वैजयंता बसली, आणि बसल्याबरोबर तिच्या तोंडून एक सुस्कारा निघाला, कारण अकरा वर्षांच्या नोकरीत ड्यूटीवर असताना तिला ‘बसा’ असं पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं.

तिची सगळी नोकरी बंदोबस्तात गेली होती. ती सभांना उभी राहिली, मिरवणुकांना उभी राहिली. क्रिकेटच्या सामन्याला मैदानाकडे पाठ करून दिवसभर उभी राहिली आणि कोण जिंकलं ते तिला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं. दोन भावांच्या भांडणातल्या एका विहिरीवर ती सात महिने उभी होती. शेवटी भावांचं जमलं, एकाच्या मुलाच्या लग्नात दोघे नाचले, पण बंदोबस्त उठवल्याचं पत्र न आल्यामुळे ती आणखी दोन महिने उभी राहिली. तिच्या पायांच्या शिरा निळ्या झाल्या होत्या आणि टाचा कधीच्याच गेल्या होत्या.

जिल्हा मुख्यालयाच्या दुरुस्ती विभागात शस्त्र-कारागिराची एक जागा रिकामी होती. एकदा बंदूक जमा करायला गेली असताना वैजयंताने ती जागा डोळ्यांनी पाहिली होती. तिथे एक टेबल होतं, एक खिडकी होती आणि तीन पायांचं एक लाकडी स्टूल होतं. आधीच्या कारागिराने तीस वर्षं बसून त्या स्टुलाला मधोमध खळगा पाडला होता. तिने आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्या खळग्यावरून हात फिरवला. त्या दिवसापासून तिला दुसरं काही नको होतं. तिच्यासाठी पिंपळदरीचं प्रशिक्षण लागे. वयाच्या अटीत बसणारी ही तिची प्रशिक्षणाची शेवटची तुकडी होती, आणि नापास झाल्यास कुठे रुजू व्हायचं तेही पत्रात आधीच लिहून आलं होतं. एका कापडात गुंडाळलेल्या पुतळ्याजवळ. अनावरणाची तारीख ठरायची होती.

दुसऱ्या दिवशी पिस्तूल निवडण्याचा कार्यक्रम झाला. ज्याच्यावर तीन महिने हात बसवायचा ते पिस्तूल प्रत्येकाने स्वतः निवडायचं असा नियम होता. पागेच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं होतं: ‘घोडा बदलून मिळणार नाही.’ मुल्लाणी सरांनी टेबलावर हिरवं कापड अंथरलं आणि त्यावर नमुने मांडले. गोळ्या त्या इमारतीत कुठेच नव्हत्या. त्या वेगळ्या तालुक्यात ठेवत.

“हे पहिलं,” सर म्हणाले. “परदेशी. बिनघोड्याचं. हरभरा न्हाई, खरारा न्हाई, काय सुदिक लागत न्हाई.”

“मग सर, आत काय असतं?” वैजयंताच्या शेजारी बसलेल्या पंकज उगलेने विचारलं. हा नाशिककडचा शिपाई होता, सव्वीस वर्षांचा, आणि त्याचा मोबाईल त्याच्यापेक्षा शहाणा आहे असं तो स्वतःच सांगे.

“ते कंपनी सांगत न्हाई. आम्ही दोनदा पत्र घातलं.”

उगलेने ते पिस्तूल हातात घेतलं, कानाशी धरलं, काहीच ऐकू आलं नाही म्हणून त्याला ते फार आधुनिक वाटलं आणि त्याने तेच घेतलं.

दुसरं पिस्तूल एका जुन्या संस्थानातून आलेलं होतं. त्याची मूठ चांदीची होती. त्याचा घोडा उमदा होता, पण मुजरा केल्याशिवाय हलत नसे. “तीन मुजरे करावे लागत्यात,” सर म्हणाले, “आन् तोवर समोरचा थांबला पायजे. घाईच्या कामाचं न्हाई.” तिसरं रिव्हॉल्व्हर होतं. ते नुसतं ओळखीसाठी मांडलं होतं. त्यातल्या घोड्याला समोरचं चाक फिरताना बघून घेरी येत असे आणि त्याला डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती.

शेवटी सरांनी एक काळपट, जाडजूड, कुठलीही नक्षी नसलेलं पिस्तूल पुढे सरकवलं. त्याच्यावर पांढऱ्या रंगाने सतरा आकडा घातला होता.

“आन् हे साधं.”

वैजयंताने ते बघितलं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी तिने बराच वेळ बघितलं.

“सर, तुम्ही म्हणाल तसं,” ती म्हणाली. “पण साधं घेण्यात फायदा काय?”

“हे बघ डुंबरे,” सर म्हणाले. “शिकायला बसणाऱ्यानं साधंच घ्यावं. उघडलं की कळलं पायजे काय कुठं हाय. एखादा भाग मोडला तर कुठल्याबी जिल्ह्याच्या पागेत मिळाला पायजे. आन् तुझ्या हातनं खराब झालं तर कुणी उपाशी बसता कामा नये. ह्यातनं शिकलीस की बाकीची आपोआप उमगत्यात.”

“याचा घोडा कसाय?”

“शांत हाय.”

“किती शांत?”

मुल्लाणी सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. “लय शांत,” ते खिडकीकडे बघत म्हणाले. “बत्तीस वर्षांत एक तक्रार न्हाई.”

तिने सतरा नंबरसमोर सही केली.

पहिले पाच आठवडे छान गेले. वैजयंताचे हात तिला स्वतःलाच ठाऊक नव्हते इतके हुशार निघाले. पिस्तूल उलगडायचं, एकेक भाग फडक्यावर ओळीने मांडायचा, पुसायचा, झिजलेला ओळखायचा आणि परत जसंच्या तसं जोडायचं, हे ती पाहता पाहता शिकली. तिला कानस धरता येऊ लागली. बोटाच्या टोकाला केसाएवढी खरखर कळू लागली. संध्याकाळी गावी आईला फोन केला की ती “बसून काम आहे गं” एवढंच सांगे.

उगले मात्र रिकामाच होता. त्याचं पिस्तूल कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय उघडता येत नव्हतं. तो रोज सकाळी एक अर्ज पाठवी आणि दुपारी पोच येई.

सहाव्या आठवड्यात सगळं जोडून झाल्यावर चाप ओढायचा पाठ होता. वैजयंताने पिस्तूल खाली रोखलं, सांगितल्याप्रमाणे हळूच चाप ओढला, आणि घोडा हलला नाही. तिने पुन्हा ओढला. घोडा मागे ताणून धरलेला होता तसाच राहिला. तिने सगळं उघडून पाहिलं. स्प्रिंग ठणठणीत होती, चाप मोकळा होता, कुठे घाण नव्हती, कुठे गंज नव्हता. एरवी लोक नुसतं बोलायचं म्हणून बोलतात, पण इथे खरोखरच घोडं अडलं होतं.

सरांनी तिचं काम भिंगाखाली तपासलं. “लोखंडाची बाजू तू बघितलीस. ती चोख हाय,” ते म्हणाले. “राह्यली घोड्याची बाजू. ती आपल्या खात्याची न्हाई.”

घोड्याची बाजू पशुसंवर्धन खात्याची होती. त्यांना पत्र गेलं. आठ दिवसांनी तिकडून छापील फॉर्म आला. जनावराचा रंग, काळा. उंची, पाऊण इंच. लसीकरण, माहिती नाही. जनावर मारकं आहे काय, या प्रश्नापुढे काय लिहावं यावर एक दुपार गेली. शेवटी ‘अद्याप नाही’ असं लिहून फॉर्म पाठवला, आणि सोमवारी पशुवैद्यक डॉ. अनुराधा लोखंडे आल्या. आडनाव बघूनच त्यांना पाठवलं असावं असं केंद्रातल्या सगळ्यांचं मत पडलं.

डॉक्टरीणबाईंनी पिस्तूल मांडीवर घेतलं, दोन ठिकाणी थोपटलं आणि नळी लावून बराच वेळ ऐकलं.

“श्वास चांगलाय,” त्या म्हणाल्या. “याचे कागद आहेत का?”

सरांनी सतरा नंबरचं सेवापुस्तक आणलं. त्यात बत्तीस वर्षांची पानं होती आणि पानापानावर एकच शब्द होता: बंदोबस्त. बंदोबस्त, बंदोबस्त, मध्ये एकदा ‘निवडणूक बंदोबस्त’, पुन्हा बंदोबस्त. किती वेळा उडवलं, या रकान्यात बत्तीस शून्यं होती.

“म्हणजे हा एकदाही धावलेला नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “याला आजार वगैरे काही नाही हो. हा ठाणबंद झालाय. जागच्या जागी उभा राहून राहून त्याला दुसरं काही असतं हेच माहीत नाही. आत्ता झोपलाय.”

“उभ्यानं?” सरांनी विचारलं.

“घोडे उभ्यानंच झोपतात.”

“मीपण झोपते,” वैजयंता म्हणाली. “विहिरीच्या बंदोबस्ताला शिकले.”

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि ते फॉर्मवर लिहून घेतलं, फॉर्मवर तसा रकाना नसतानाही. मग त्यांनी औषध लिहून दिलं: रोज सकाळी एक तास फिरवणे. तेवढ्यात कोपऱ्यातून उगलेने आपलं पिस्तूल पुढे केलं आणि याच्या आतपण जरा ऐकता का म्हणून विचारलं. त्यांनी नळी लावली, भुवया वर केल्या आणि म्हणाल्या, “हे माझ्याही खात्याचं नाही.”

परीक्षेला पाच आठवडे उरले होते. परीक्षेच्या पुस्तिकेत वैजयंताच्या कामाचे दोन नियम होते. नियम एकवीस: चाप ओढल्यावर घोडा विनाअडथळा सुटला पाहिजे. नियम बावीस: घोड्याच्या हातून काही चूक झाल्यास तिला घोडचूक म्हणावे, घोडचुकीची जबाबदारी उमेदवाराची राहील. ती दोन्ही नियम रात्री अंथरुणात आणि सकाळी दात घासताना म्हणत असे.

सकाळी सहाला ती सतरा नंबर घेऊन कवायतीच्या मैदानावर जाऊ लागली. पिस्तूल पागेबाहेर न्यायचं तर सोबत एक शिपाई लागतो. शिपाई ती स्वतःच होती, म्हणून दोन सह्या कराव्या लागत, एक नेणारी म्हणून आणि एक सोबत म्हणून. गेटवरचा पहारेकरी रोज विचारी, “कुठं?” ती म्हणे, “घोडा फिरवायला.” तो म्हणे, “जा, पण मैदानातच. रस्त्यावर कुत्री आहेत.”

ती पिस्तूल दोन्ही तळहातांवर आडवं धरून मैदानाला फेऱ्या घाली. घोड्याला दोरा बांधून बघितला. गवत दाखवलं. “चल रे,” म्हणून बघितलं, “चल राजा,” म्हणून बघितलं, एकदा कुणी आसपास नाही असं बघून स्वतः थोडं दुडक्या चालीने पळून दाखवलं. घोडा ताठ उभा. दोन आठवडे असे गेले. तिच्या टाचा दुखायला लागल्या आणि तिला पुतळ्याची स्वप्नं पडू लागली. स्वप्नात कापड निघे आणि आत तीच असे.

पंधराव्या सकाळी ती दमून मैदानाच्या कडेला बसली आणि मांडीवर सेवापुस्तक उघडलं. तिने ते आधी दहादा वाचलं होतं, पण बंदोबस्ताच्या पानांपासून. आज ती पहिल्या पानावर गेली. बत्तीस वर्षांपूर्वी पिस्तूल दलात दाखल झालं, त्या दिवशीच्या संचलनाची नोंद तिथे होती. एका ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: ‘सकाळी ८.०५, सावधान दिले.’ तिने पान उलटलं. पुढचं उलटलं. शेवटपर्यंत बोट फिरवत गेली.

सावधान दिल्यावर कुणीतरी विश्राम द्यायचा असतो. ते कवायतीच्या पहिल्या दिवशी शिकवतात. त्या सकाळी साहेबांना फोन आला असेल, नाहीतर चहा आला असेल. काही का असेना, विश्राम द्यायचा राहून गेला होता, आणि घोडा आज्ञाधारक होता.

वैजयंता उठून उभी राहिली. तिने टोपी नीट केली, पिस्तूल समोर धरलं आणि छातीतून आवाज काढून आज्ञा दिली.

“सतरा नंबर, विश्राम.”

थोडा वेळ काही झालं नाही. मग तिच्या तळहाताला कळलं की आत कुणीतरी अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतला. मग फुर्र करून श्वास सोडला. वैजयंताला रडू आलं. अकरा वर्षांत ती इतकी कशानेच रडली नव्हती. पहारेकऱ्याने लांबून ते पाहिलं आणि वहीत लिहिलं की घोडा फिरवताना शिपाई रडली, कारण विचारले नाही.

त्यानंतर सगळं भराभर झालं. चार दिवसांत घोडा हलका हलू लागला, आठवड्यात दुडकू लागला, आणि दहाव्या दिवशी चाप ओढल्याबरोबर असा टक्कन पुढे गेला की सरांनी दोन वेळा चष्मा पुसला. नंतर उलटाच त्रास झाला. आता त्याला थांबवत नव्हतं. चापाला वाऱ्याची झुळूक लागली तरी पळे. वैजयंताने त्याला थांबायला शिकवलं, नियमातलं वजन चापावर येईपर्यंत थांबायचं आणि आलं की जायचं. तो शिकला. पण खिडकी उघडी असली आणि बाहेर मैदान दिसत असलं की मुठीतून तिच्या हाताला एक बारीक थरथर जाणवे. ती सरांना काही बोलली नाही. कडेच्या टेबलावर खिडकीकडे पाठ करून काम करू लागली.

परीक्षा घ्यायला सरनोबत साहेब आले. ते उंच होते, मिशा पांढऱ्या होत्या, आणि त्यांच्या घराण्यात कुणी घोड्याला नापास केल्याची नोंद नव्हती असं ऐकिवात होतं. माणसांबद्दल तसं काही ऐकिवात नव्हतं.

आधी उगलेची पाळी झाली. त्याच सकाळी कंपनीचं पत्र आलं होतं. आपली सर्व पत्रे मिळाली, असं त्यात लिहिलं होतं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि उगलेच्या नावापुढे ‘प्रलंबित’ असा शेरा मारला.

“शिपाई डुंबरे.”

वैजयंता पुढे झाली. टेबल खिडकीसमोर होतं. खिडकी उघडी होती, कारण साहेबांना उकाडा सोसत नसे. टेबलाच्या मध्यावर साहेबांचा चहाचा कप होता. तिने पिस्तूल उलगडलं, भाग मांडले, जोडले. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. मग चापाला एकेक करून तीन वजनं लावायची होती, घोडा तिसऱ्यालाच सुटायला हवा होता. एक वजन लागलं. घोडा थांबला. दुसरं लागलं. घोडा थांबला. तिच्या हाताला थरथर कळत होती. तिने मनातल्या मनात त्याला म्हटलं, अजून एक, फक्त एक. तिसरं वजन लागलं.

टक्क असा आवाज झाला नाही. पिस्तुलाच्या मागच्या बाजूने अंगठ्याच्या पेराएवढा एक काळा घोडा बाहेर पडला, हिरव्या कापडावर क्षणभर उभा राहिला, त्याने मानेला झटका दिला आणि चौखूर उधळला. टापांचा आवाज टेबलभर झाला. तो पुस्तिकेवरून गेला, कपाला घासून गेला, खिडकीच्या चौकटीवर चढला आणि खाली मैदानात उतरला. सगळे खिडकीशी आले. गवत एका ओळीत हलत हलत लांब गेलं आणि मग हलायचं थांबलं.

“पश्चिमेला,” साहेब म्हणाले आणि तसं लिहून घेतलं.

वैजयंता टेबलाशीच उभी होती. तिच्या हातातल्या पिस्तुलात घोड्याच्या जागी खाच होती. तिला पुतळा दिसू लागला.

“साहेब, ही घोडचूक धरावी लागंल काय?” मुल्लाणी सरांनी विचारलं.

“वाचून बघू.” साहेबांनी पुस्तिका उघडली. तिच्यावर चार बारीक टापा उमटल्या होत्या. “नियम एकवीस. चाप ओढल्यावर घोडा विनाअडथळा सुटला पाहिजे.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “मुल्लाणी, चाप ओढला का?”

“वढला साहेब. वजन बरोबर होतं.”

“घोडा सुटला का?”

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. “सुटला साहेब. सुटला म्हणजे, पार सुटला.”

“किती सुटला पाहिजे हे नियमात दिलेलं नाही. अडथळा आला का?”

“कपाला धक्का लागला.”

साहेबांनी कपात वाकून पाहिलं. “चहा सांडलेला नाही. मग अडथळा म्हणता येणार नाही.” ते वैजयंताकडे वळले. “डुंबरे, तुमची इच्छा असेल तर मी त्याच्यामागे माणसं पाठवतो. सापडेल तो. पण धरून आणला तर तो सुटला असं मला लिहिता येणार नाही. नियम बावीस लागू होईल.”

“नको साहेब,” वैजयंता म्हणाली. पास होण्याचा विचार तेव्हा तिच्या मनात आला होता की नव्हता हे तिला नंतर कधी नीट आठवलं नाही. “राहू दे त्याला. बत्तीस वर्षं उभा होता.”

साहेबांनी लिहिलं: ‘घोडा सुटला. उत्तीर्ण.’ मग त्यांनी चहा प्यायला आणि तो गार झाल्याची तक्रार केली नाही.

सतरा नंबरची नोंद त्याच दिवशी ‘बिनघोड्याचे’ अशी बदलली. उगलेने दुसऱ्या खेपेच्या परीक्षेसाठी तेच पिस्तूल मागितलं. ते उघडता येतं, आणि आत कुणी नाही हे नक्की ठाऊक आहे, असं त्याने अर्जात कारण दिलं. भिंतीवरच्या लाल पाटीचा प्रश्न निघाला, पण घोडाच नसल्यामुळे तो बदलण्याचाही प्रश्न नव्हता. अर्ज मंजूर झाला.

पुढच्या सोमवारी वैजयंता जिल्हा मुख्यालयात रुजू झाली. टेबल होतं, खिडकी होती, स्टूल होतं. तिने स्टूल फडक्याने पुसलं आणि बसली. खळगा थोडा मोठा होता, पण होईल सवय असं तिला वाटलं. त्या दिवशी ती जेवायलाही उठली नाही, डबा तिथेच खाल्ला. अधीक्षक साहेब पाहणीला आले तेव्हा तेवढी उठली, सॅल्यूट केला आणि साहेबांची पाठ वळताच परत बसली.

पिंपळदरीची एक सवय मात्र सुटली नाही. रोज सकाळी दहाला ती एक भिजवलेला हरभरा खिडकीच्या चौकटीवर ठेवी आणि दुसरीकडे बघे. वळून बघावं तर हरभरा तिथेच असे. मग तो ती स्वतः खाई. पिंपळदरी तिथून एकशे दहा किलोमीटर होती आणि मध्ये दोन घाट होते.

विसाव्या दिवशी, शनिवारी, तिने हरभऱ्याजवळ गुळाचा खडा ठेवला आणि दुसरीकडे पाहिलं. कानशींची पेटी नीट लावली. वळून पाहिलं तर हरभरा नव्हता आणि गूळ अर्धा उरला होता. टेबलावर कानशीच्या भुशात टापांची एक ओळ उमटली होती. ओळ जिथे संपत होती तिथे घोडा उभा होता. त्याचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखले होते, पोट आत गेलं होतं, आणि तो ताठ उभा होता.

“विश्राम,” वैजयंता म्हणाली.

घोड्याने भार या पायावरून त्या पायावर घेतला. पण उभाच राहिला. तिने उरलेला गूळ त्याच्यापुढे सरकवला, दुसरीकडे पाहिलं, आणि त्याचं खाऊन होईपर्यंत वळली नाही. मग तिने आपल्या स्टुलाकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं, आणि खण उघडून भांडार विभागाचा मागणीचा कागद काढला. वस्तू: स्टूल, लाकडी, चार पाय टेकता येतील असे. नग: एक. उंची: पाव इंच. मागणीचे कारण या रकान्यात तिने जरा विचार करून लिहिलं: ‘उभं राहून झालं आहे.’